‘कायम नसलेल्यां’ची ओळ आधी वाचा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात किंवा तळोज्याच्या एमआयडीसीत सकाळची पाळी सुरू होताना मोठ्या कारखान्यांच्या दाराशी बहुधा दोन रांगा दिसतात. एका रांगेतल्यांच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असते, दुसरीतल्यांच्या हातात ठेकेदाराच्या नावाचा गेटपास. आत गेल्यावर दोघे अनेकदा एकाच पॅकिंग लाइनवर उभे राहतात. वार्षिक अहवालात ‘आमच्या परिवारात इतकी माणसे’ असे छापलेले असते, तेव्हा ही दुसरी रांग त्यात धरलेली असते का, हे आता कोणालाही तपासता येते. ते कसे तपासायचे हे या लेखात सांगतो आहे. नवी मुंबईत नोकरी करणाऱ्याला, मुलाला नोकरीला पाठवणाऱ्याला आणि दोन-चार शेअर बाळगणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने सूचिबद्ध कंपन्यांसाठी व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा एक ठरावीक नमुना आणला. कंपन्यांच्या कार्यालयांत त्याला ‘बीआरएसआर’ म्हणतात. बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना तो आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. त्याचा पाया म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाची २०१९ ची नऊ तत्त्वे. त्यातले तिसरे तत्त्व कर्मचाऱ्यांच्या हिताचे आणि पाचवे मानवी हक्कांचे. म्हणजे पाणी, वीज, कचरा यांच्याबरोबर आता माणसांचाही हिशेब द्यावा लागतो, आणि तो हव्या त्या शब्दांत मांडता येत नाही, ठरलेल्या तक्त्यांतच द्यावा लागतो.

हा अहवाल मिळवायला ओळख लागत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीच्या विभागात वार्षिक अहवाल असतो आणि बीआरएसआर बहुधा त्याच्याच जोडपत्रात सापडतो. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवरही कंपनीच्या नावाने तो उघडता येतो. पावण्यात नोंदणीकृत कार्यालय असलेली गॅलक्सी सरफॅक्टंट्स, तळोज्यात कारखाने असलेली दीपक फर्टिलायझर्स, घणसोलीला भलामोठा कॉर्पोरेट पार्क असलेली रिलायन्स, अशा कोणत्याही कंपनीचा अहवाल घेऊन बसा. शंभराहून अधिक पानांचा दस्तऐवज पाहून दचकू नका. आपल्या कामाचे तक्ते मोजकेच आहेत.

सुरुवात ‘अ’ विभागातल्या मनुष्यबळाच्या तक्त्यापासून करा. तिथे दोन गट असतात, कर्मचारी आणि कामगार. प्रत्येक गटात दोन ओळी, कायम आणि कायमव्यतिरिक्त, आणि प्रत्येक ओळीत पुरुष किती, स्त्रिया किती. ‘कामगार’ कोणाला म्हणायचे हे औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधल्या व्याख्येने ठरते. व्यवस्थापकीय कामातली माणसे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक त्यातून वगळले जातात. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण अहवालासाठी तिच्यातली व्याख्या आधीपासूनच वापरात आहे.

हा तक्ता कसा वाचायचा ते एका कल्पित कंपनीच्या आकड्यांवरून पाहू. समजा, कायम कर्मचारी १,२००, त्यात स्त्रिया १८०. कायमव्यतिरिक्त कर्मचारी १००, त्यात स्त्रिया ४०. कायम कामगार ३००, त्यात स्त्रिया ३. कायमव्यतिरिक्त कामगार ९००, त्यात स्त्रिया ४५. अहवालाच्या पहिल्या पानावर ‘१,५०० जणांचा परिवार, १२ टक्के स्त्रिया’ असे असेल आणि ते खोटे नसेल, कारण कायम माणसे तेवढीच आहेत. पण चारही ओळींची बेरीज २,५०० होते. म्हणजे दर १० जणांतले ४ जण कायम नाहीत. नुसते कामगार पाहिले तर ४ पैकी ३ कायम नसलेले. आणि कायम कामगारांत स्त्री शंभरात एक. एवढी बेरीज-वजाबाकी पाच मिनिटांत होते आणि अध्यक्षांच्या लांबलचक भाषणापेक्षा तिच्यातून कंपनी जास्त कळते. माझे ठाम मत आहे की मानवी हक्कांवरची पुढची सगळी पाने या एका तक्त्यावर उभी असतात. जो मोजला गेला नाही, त्याचा अपघात, त्याचे वेतन, त्याची तक्रार यांपैकी काहीही पुढे दिसण्याची शक्यता उरत नाही.

म्हणून ‘कायमव्यतिरिक्त’ची ओळ कोरी असेल, तिथे शून्य असेल किंवा ‘लागू नाही’ असेल, तर थांबा. काही आयटी कंपन्या आपल्याकडे ‘कामगार’ नाहीतच असे लिहितात. व्याख्येच्या चौकटीत ते बसतही असेल. पण ऐरोलीच्या किंवा महाप्याच्या टोलेजंग इमारतीत हाउसकीपिंगच्या बाया, कॅन्टीनची पोरे, गेटवरचे सिक्युरिटी आणि रात्रपाळीच्या गाड्यांचे ड्रायव्हर रोज राबत असतात. ते कोणत्या ओळीत गेले, हा प्रश्न विचारायलाच हवा. महाराष्ट्रात यात आणखी एक पदर आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेले हमाल-माथाडी आणि १९८१ च्या कायद्याखाली सुरक्षारक्षक मंडळात नोंदलेले रक्षक यांची नोंद मंडळाकडे असते आणि वेतनही मंडळामार्फत मिळते. कंपनीच्या आवारात वर्षानुवर्षे काम करूनही ते तिच्या हजेरीपटावर नसतात. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना कायद्याचे छत्र मिळवून दिले, ते ज्यांचा कोणी एक मालक नाही अशा माणसांसाठीच. कंपनीने त्यांना गणनेत धरले की वगळले, हे तक्त्याखालच्या टिपेत शोधा. टीप नसेल तर विचारा.

आता तिसऱ्या तत्त्वाकडे वळा. आरोग्यविमा, अपघातविमा, प्रसूतिलाभ, पितृत्व रजा, पाळणाघर यांचा लाभ किती टक्के लोकांना मिळतो ते तिथे असते, आणि इथे कायमव्यतिरिक्तांसाठी वेगळ्या ओळी आहेत. कायम कर्मचाऱ्यांसमोर सगळीकडे १०० टक्के आणि खालच्या ओळीत डॅश, असे चित्र दिसले तर त्या कंपनीत दोन नागरिकत्वे आहेत असे समजा. ठेकेदारच विमा काढतो असे उत्तर मिळू शकते. मग ते अहवालात लिहायला काय हरकत आहे?

सुरक्षिततेच्या तक्त्यात दर दहा लाख मनुष्यतासांमागे कामाचा खाडा करायला लावणाऱ्या दुखापती किती झाल्या, हा दर दिलेला असतो. १,००० कामगारांनी वर्षाला प्रत्येकी २,४०० तास काम केले तर २४ लाख तास होतात. त्यात अशा ३ दुखापती झाल्या तर दर १.२५ येतो. आकडा छोटा दिसतो म्हणून समाधान मानू नका. तो कर्मचाऱ्यांसाठी आणि कामगारांसाठी वेगवेगळा दिलेला असतो, आणि कामगारांच्या आकड्यात ठेकेदाराची माणसे व त्यांचे तास धरले आहेत का, हे पाहावे लागते. रसायनांच्या पट्ट्यात टाकीत उतरणे, ड्रम हलवणे, गाळ काढणे ही जोखमीची कामे बरेचदा कंत्राटी माणूसच करतो. त्याची दुखापत ‘आमच्या कर्मचाऱ्याची नाही’ म्हणून बाजूला पडली, तर शून्य अपघाताचा फलक खरा असून निरर्थक ठरतो. मृत्यूंची ओळ वेगळी असते. मागच्या वर्षीचा आकडाही शेजारीच छापलेला असतो, दोन्ही वाचा.

याच तत्त्वात एक तक्ता असा आहे की तो नीट वाचला तर कंपनीचा स्वभाव कळतो. तक्रार कुठे करायची, हे चार गटांसाठी चार ओळींत लिहायचे असते : कायम कामगार, कायमव्यतिरिक्त कामगार, कायम कर्मचारी, कायमव्यतिरिक्त कर्मचारी. कित्येक अहवालांत चारही ओळींना एकच परिच्छेद चिकटवलेला आढळतो आणि त्यात एचआरचा ईमेल पत्ता असतो. ज्याला कंपनीचा ईमेलच दिलेला नाही आणि ज्याला काही विचारले की ‘ठेकेदाराशी बोला’ एवढेच ऐकायला मिळते, त्याच्यासाठी ते दार बंदच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्कांची जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांचा तिसरा आधारस्तंभ दाद मिळण्याचा आहे. दाद मागायची जागा माणसाच्या आवाक्यात असली पाहिजे, हा त्याचा साधा अर्थ.

मग पाचवे तत्त्व. इथे पहिल्याने पाहायचे ते किमान वेतनाचा तक्ता. किती जणांना किमान वेतनाइतकेच मिळते आणि किती जणांना त्याहून अधिक, हे कायम आणि कायमव्यतिरिक्त अशा दोघांसाठी स्वतंत्र द्यावे लागते. कायम कामगार सगळे ‘अधिक’च्या रकान्यात आणि कंत्राटी सगळे ‘इतकेच’च्या रकान्यात, ही मांडणी कायद्याला धरून असू शकते. पण एकाच यंत्रावरच्या दोन माणसांमधले अंतर त्यातून उघड होते, आणि कंपनीला त्याचे कारण विचारण्याचा अधिकार भागधारकाला आहे. तुम्ही स्वतः कंत्राटी असाल तर एक काम आजच करा. पगारपावतीवरची मूळ रक्कम आणि विशेष भत्ता तुमच्या उद्योगासाठी राज्याने जाहीर केलेल्या दराशी ताडून पाहा. महाराष्ट्रात हा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैपासून, असा वर्षातून दोनदा बदलतो, आणि वाढलेला दर पावतीवर न चढणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. पीएफचे पासबुक आणि ईएसआयसीची नोंदही पाहा. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे.

त्यानंतर मध्यक वेतन. सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्या माणसाचा पगार तो मध्यक. तो पुरुषांचा वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा छापला जातो. या दोन आकड्यांवरून लगेच निकाल देऊ नका. कारखान्यात स्त्रिया फक्त प्रयोगशाळेत आणि कार्यालयात असतील, तर त्यांचा मध्यक पुरुषांपेक्षा जास्तही दिसेल, आणि तरी शॉप फ्लोअरवर एकही बाई नसेल. त्यापेक्षा दुसरा आकडा उपयोगी आहे. एकूण वेतनखर्चापैकी किती टक्के स्त्रियांना गेले, हेही आता द्यावे लागते. मघाच्या कल्पित कंपनीत २,५०० पैकी २६८ स्त्रिया, म्हणजे १०.७ टक्के. वेतनातला त्यांचा वाटा ७ टक्केच निघाला, तर स्त्रिया खालच्या पायऱ्यांवर अडकल्या आहेत असे म्हणायला जागा आहे. अर्थात कंपनीने दोन्ही टक्के काढताना तीच माणसे धरली आहेत ना, हे आधी पाहून घ्या. सेबीने जुलै २०२३ मध्ये निवडलेल्या ज्या मोजक्या माहितीची बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी ठरवली, तिच्यात स्त्रियांच्या वेतनवाट्याचा हा आकडा आहे.

तक्रारींच्या तक्त्यात लैंगिक छळ, भेदभाव, बालकामगार, सक्तीची मजुरी, वेतन अशा ओळी असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यासमोर शून्य असते. बालमजुरीसमोर शून्य असावेच. पण हजारो स्त्रिया काम करतात तिथे वर्षानुवर्षे लैंगिक छळाची एकही तक्रार नाही, याचा मला तरी आनंद वाटत नाही. जिथे अशा तक्रारींसाठीची अंतर्गत समिती जागी असते आणि बायकांना तिच्यावर भरवसा असतो, तिथे काही तक्रारी येतात, त्यांचा निकाल लागतो आणि ते आकड्यात दिसते. किती आल्या, किती खऱ्या ठरल्या, किती प्रलंबित आहेत, हे तिन्ही वाचा. आणि एक गोष्ट आपल्या ओळखीतल्या प्रत्येक कामकरी बाईला सांगा : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ स्त्रियाही येतात. हाउसकीपिंगची बाई ज्या कंपनीच्या मजल्यावर काम करते, तिथल्या अंतर्गत समितीकडे ती जाऊ शकते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, आणि कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

हा नमुना चांगला असला तरी त्यात मोठ्या फटी आहेत आणि त्या माहीत हव्यात. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण फक्त कायम लोकांचे विचारले जाते. युनियनच्या सभासदांची संख्या फक्त कायम लोकांची. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी कामावर परतल्या, तेही फक्त कायम लोकांचे. ज्यांची नोकरी सर्वात कच्ची, त्यांच्याबद्दल नेमके तिथेच विचारलेले नाही. ही त्रुटी सेबीने दूर करावी असे मला मनापासून वाटते.

आणि आपल्या नवी मुंबईच्या दृष्टीने सर्वात जिव्हारी लागणारी फट वेगळीच आहे. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मारले गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण पुढे आले. जमिनीइतकाच नोकरीचा प्रश्नही तेव्हापासून आहे, आणि विमानतळ सुरू झाल्यावर तो पुन्हा ऐरणीवर आला आहे. स्थानिकांना ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांत ५० टक्के जागा द्याव्यात असा राज्याचा २००८ चा शासन निर्णय आहे. पण बीआरएसआरच्या मनुष्यबळाच्या तक्त्यात स्थानिक किती, प्रकल्पग्रस्त कुटुंबांतले किती, असा रकानाच नाही. जातीचाही नाही. लिंग आणि अपंगत्व एवढ्यावरच गणना थांबते. नमुन्यात नसलेली माहिती द्यायला मात्र कोणी कंपनीला अडवलेले नाही. आगरी-कोळी गावांच्या शेजारी चालणाऱ्या कारखान्याने ती आपणहून छापली, तर ‘भूमिपुत्रांना नोकऱ्या देत नाहीत’ आणि ‘भरपूर दिल्या आहेत’ या दोन्ही ओरडण्यांना निदान आकड्यांचा आधार मिळेल.

तुमची कंपनी सूचिबद्धच नसेल, जशा ऐरोली-महाप्यातल्या कित्येक परदेशी कंपन्यांच्या भारतीय उपकंपन्या नसतात, तर बीआरएसआर मिळणार नाही. तरी रस्ता बंद होत नाही. जुलै २०२५ पासून कंपनीच्या संचालक मंडळाच्या अहवालात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून अधिक काळ पडून आहेत, हे द्यावे लागते. प्रसूतिलाभ कायद्याच्या पालनाबद्दलही निवेदन द्यावे लागते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून कंपनीने दाखल केलेले दस्तऐवज पाहता येतात. सिडको, महानगरपालिका आणि जेएनपीए यांच्यासाठी तर माहितीचा अधिकार आहेच. ठेकेदारांमार्फत किती कामगार लावले आणि त्यांना कोणत्या दराने वेतन दिले, हे मागता येते.

रबाळ्यात किंवा तळोज्यात स्वतःचा छोटा कारखाना चालवणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगतो. मोठे ग्राहक आता पुरवठादारांकडूनही अशीच माहिती मागू लागले आहेत. एकूण खरेदी-विक्रीत दोन टक्के किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या भागीदारांची माहिती देण्याची सोय सेबीने पहिल्या २५० कंपन्यांसाठी ठेवली आहे, तूर्त ऐच्छिक. निर्यात करणाऱ्यांना युरोपातल्या ग्राहकांच्या प्रश्नावल्या आधीपासूनच येतात. अशी प्रश्नावली आली की सल्लागाराकडून धोरणाचा सुरेख मसुदा विकत घेण्याआधी हजेरीपट नीट करा. ठेकेदाराच्या माणसांची नावे, वयाचा पुरावा, पीएफ-ईएसआयची चलने, ओव्हरटाइमचे तास, पगार बँकेत गेल्याची नोंद, एवढे हाताशी असले की निम्म्या प्रश्नांची खरी उत्तरे तयार असतात. नसेल ते ‘नाही’ लिहा आणि कधीपर्यंत करणार ते लिहा. तपासणीला माणूस आला की तो कामगाराला बाजूला घेऊन विचारतोच, तेव्हा धोरणाचा कागद कामी येत नाही.

एवढे वाचून झाल्यावर करायचे काय? एक शेअर असला तरी तुम्ही भागधारक आहात. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि अनेक सभा व्हिडिओवर असतात. सभेची सूचना किमान २१ दिवस आधी येते. वक्ता म्हणून नाव नोंदवायचे असेल तर कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या ईमेलवर, हे त्या सूचनेत दिलेले असते. प्रश्न लेखी पाठवा, तक्त्याचे पान आणि आकडे देऊन पाठवा. ‘कंत्राटी कामगारांसाठी काय करता?’ असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघम मिळते. ‘पान अमुकवर कायमव्यतिरिक्त कामगार ९०० दाखवले आहेत, सुरक्षिततेच्या दरात या ९०० जणांचे तास धरले आहेत का?’ याला हो किंवा नाही एवढेच उत्तर आहे. युनियनचे पदाधिकारी असाल तर हेच तक्ते करारवाटाघाटीच्या टेबलावर ठेवा. ते कंपनीने स्वतःच छापलेले आहेत, त्यामुळे आकडे नाकारता येत नाहीत.

या वर्षी निदान एका कंपनीचा अहवाल उघडा, तुम्ही जिथे काम करता त्याच कंपनीचा असला तर उत्तम. चार ओळींची बेरीज करा, आणि सभेची सूचना आली की एक प्रश्न लेखी पाठवा.